खुल्या मानकाचा अधिकारी कोण? : आरएसएसच्या इतिहासावरून एक विवेचन

मानक ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नित्याच्या व्यवहारात आपणांस सहसा पडत नाही. बाजारातील किलोग्रॅमचे वजन खरे की खोटे, हे ठरविण्यासाठी दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. त्यासाठी कायदा आहे, निरीक्षक आहे आणि त्या दोहोंच्या मागे शासनाची सत्ता उभी आहे. आपल्या देशात मेट्रिक मापे आली ती १९५६ च्या कायद्यान्वये. शेर आणि मण ही मापे लोकांच्या बोलण्यात पुढेही टिकली असतील, पण व्यवहारात प्रमाण कोणते मानावयाचे, ह्याविषयी संदेह उरला नाही. येथे मानक, त्याची व्याख्या करणारा आणि ते अमलात आणणारा, ह्या तिन्हींचा मेळ एकाच सत्तेच्या ठायी बसलेला असतो.

इंटरनेटवरील पुष्कळशा मानकांची स्थिती मात्र ह्याहून निराळी आहे. तेथे एखादी पद्धत कोणीतरी सुचवितो, दुसरे कोणी ती उचलतात, तिसरे कोणी तीत भर घालतात, आणि पाहता पाहता असंख्य संगणक तिच्यावर विसंबू लागतात. अशा पद्धतीस ‘खुले मानक’ म्हणतात. कारण तिचा वापर करण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही व कोणास मोबदला द्यावा लागत नाही. परंतु पुढे तिच्यात बदल करावयाचा झाल्यास तो कोणी करावा? तिच्यातील एखादे वाक्य संदिग्ध ठरल्यास त्याचा अर्थ कोणी सांगावा? आणि दोन पक्षांनी परस्परविरोधी अर्थ सांगितले, तर निवाडा कोणाचा मानावा?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नांचा विचार आरएसएस ह्या एकाच मानकाच्या आधारे करावयाचे योजिले आहे. (ह्या आद्याक्षरांचा आपल्याकडील सुपरिचित संघटनेशी काही संबंध नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.) ह्या मानकाचा इतिहास जेमतेम पाव शतकाचा आहे. तथापि मूळ कर्ता, प्रताधिकाराचा धारक, समिती, प्रमाणीकरण संस्था आणि प्रत्यक्ष वापर करणारे लोक, असे अधिकाराचे जवळजवळ सर्व दावेदार त्यात एकामागून एक पुढे आलेले आहेत. अभ्यासकाला ह्याहून सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

मानकाचे स्वरूप

प्रथम ही पद्धत कोणते कार्य करते, ते पाहू. एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ दिवसातून अनेकदा बदलते. नवीन काय आले, हे पाहण्यासाठी वाचकाने वारंवार तेथे जावे, आणि असे दहा-वीस ठिकाणी करावे, हे कष्टाचे काम आहे. ह्यावर योजलेला उपाय असा, की संकेतस्थळाने आपल्या मूळ पानांखेरीज एक लहानशी फाइल ठेवावी, आणि तीत नव्या मजकुराची यादी ठराविक साच्यात लिहावी. ह्या फाइलीस ‘फीड’ म्हणतात. वाचकाच्या संगणकावरील अथवा फोनवरील एक प्रोग्रॅम त्याने निवडलेल्या सर्व फीडांकडे ठराविक वेळाने फेरी मारतो आणि नवे ते त्याच्यापुढे एकत्र मांडतो.

ही फाइल एक्सएमएल ह्या खुणांच्या भाषेत लिहिलेली असते, व त्यामुळे ती देवनागरीसह कोणत्याही लिपीतील मजकूर वाहून नेऊ शकते. तीत एक ‘चॅनेल’ असतो, व त्यास शीर्षक, दुवा आणि वर्णन ह्या तीन गोष्टी असणे आवश्यक असते. चॅनेलच्या पोटात एकेका बातमीसाठी वा लेखासाठी एकेक ‘आयटेम’ येतो. मूलतः एवढाच हा व्यवहार आहे. त्याचे महत्त्व मात्र त्याच्या साधेपणाच्या मानाने फार मोठे आहे. वाचकाने काय वाचावे व कोणत्या क्रमाने वाचावे, हे येथे मध्यस्थ ठरवीत नाही. वाचक स्वतः ठरवितो. लिहिणाऱ्यालाही आपला वाचक कोणा कंपनीकडून उसना घ्यावा लागत नाही. म्हणूनच ह्या मानकावर सत्ता कोणाची, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा राहत नाही.

उगम आणि त्याग

आरएसएसचा पहिला अवतार मार्च १९९९ मध्ये नेटस्केप ह्या अमेरिकन कंपनीत सिद्ध झाला. डॅन लिबी, रामनाथन गुहा आणि एकार्ट वॉल्थर हे त्याचे कर्ते होत. ‘माय नेटस्केप’ ह्या नावाच्या आपल्या प्रवेशपानावर निरनिराळ्या स्थळांचे मथळे आणून दाखवावेत, एवढाच कंपनीचा मर्यादित हेतू होता. त्या वेळी आद्याक्षरांचा विस्तार ‘आरडीएफ साइट समरी’ असा होता. आरडीएफ ही माहितीतील संबंध तर्कशुद्ध रीतीने मांडण्याची एक व्यापक पद्धत आहे. जुलै १९९९ मध्ये लिबी ह्यांनी ०.९१ ही आवृत्ती काढली. तीत आरडीएफचा भाग वगळण्यात आला, आणि युजरलँड ह्या लहान कंपनीचे डेव्ह वायनर ह्यांनी स्वतंत्रपणे चालविलेल्या अशाच एका पद्धतीतील काही घटक सामावून घेण्यात आले. नावाचा विस्तारही बदलून ‘रिच साइट समरी’ असा झाला.

म्हणजे प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ह्या मानकाचा जनक एक नाही. एका कंपनीच्या घरात ते जन्मले, पण चारच महिन्यांत त्यात घराबाहेरच्या कल्पना शिरल्या. त्यानंतर नेटस्केपचे लक्ष त्यावरून उडाले. कंपनी एओएलच्या मालकीची झाली होती, व एप्रिल २००१ मध्ये पुनर्रचनेच्या ओघात आरएसएसला असलेला आधार, त्याची कागदपत्रे व साधने तिच्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आली. जन्मदात्याने बालक टाकून दिले, परंतु तोपर्यंत ते बालक चालू लागले होते. नेटस्केपशी काही संबंध नसलेली अनेक स्थळे आपापली फीड प्रसिद्ध करीत होती.

दोन वारस

अशा स्थितीत वारसाहक्काचा प्रश्न उपस्थित होणे अपरिहार्य होते. डिसेंबर २००० मध्ये एकाच महिन्यात दोन वारस पुढे आले. आरएसएस-डेव्ह नावाच्या कार्यगटाने १.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत आरडीएफ पुनः आणले होते, आणि ‘नेमस्पेस’ म्हणजे नावांची स्वतंत्र क्षेत्रे कल्पून ज्याला हवी त्याने आपली भर त्या क्षेत्रात घालावी, अशी सोय केली होती. ह्या गटात ॲरन स्वार्त्झ हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगाही होता, ह्यावरून त्याचे दार किती मोकळे होते, ह्याची कल्पना येईल. त्याच महिन्यात वायनर ह्यांनी ०.९२ ही आवृत्ती काढली. ती ०.९१ चीच साधी वाढ होती. तीत आयटेमसोबत ध्वनिफीत जोडण्यासाठी ‘एन्क्लोजर’ नावाचा एक घटक होता. पुढे ज्यास पॉडकास्ट म्हणू लागले, त्याचे मूळ ह्या लहानशा घटकात आहे.

दोन्ही पक्षांची भूमिका समजून घेण्याजोगी आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की पद्धतीची रचना भविष्यकाळाचा विचार करून सुसंगत पायावर व्हावी, आणि निर्णय एका व्यक्तीने न घेता गटाने घ्यावेत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की लोक जी पद्धत वापरीत आहेत ती साधी आहे म्हणूनच वापरीत आहेत. तिचा साधेपणा घालवून तेच नाव पुढे चालविणे म्हणजे वापरणाऱ्यांचा विश्वासघात होय. मतभेद जितका तंत्राचा होता, तितकाच नावाचाही होता. दोघांनाही ‘आरएसएस’ हेच नाव हवे होते, आणि नेटस्केपने ते दोघांपैकी कोणालाही दिलेले नव्हते. युजरलँडने ह्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यासाठी अर्ज केला होता. परंतु तपासनिसाच्या पृच्छेस उत्तर न गेल्यामुळे तो डिसेंबर २००१ मध्ये फेटाळला गेला. अशा रीतीने नाव कोणाचेच राहिले नाही.

ह्या भांडणाचे फळ भोगावे लागले ते वाचक-प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना. १.० ही आवृत्ती ०.९२ च्या पुढची पायरी असेल, असा समज आकड्यांवरून होणे स्वाभाविक होते. वस्तुतः ती दोन भिन्न कुळे होती. म्हणून दोन्ही प्रकारच्या फीड वाचता येतील असा प्रोग्रॅम त्यांना लिहावा लागला. ही गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटते, पण पुढील विवेचनात तिचे महत्त्व दिसून येईल.

प्रताधिकाराचे हस्तांतर

सप्टेंबर २००२ मध्ये वायनर ह्यांनी २.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. आद्याक्षरांना आता ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’, म्हणजे खरोखरच सोपे वितरण, असा तिसरा अर्थ प्राप्त झाला. प्रतिपक्षाची नेमस्पेसची कल्पना ह्या आवृत्तीने स्वीकारली. मात्र मानकाचे स्वतःचे घटक पूर्वीसारखेच साधे ठेवले. जुलै २००३ मध्ये वायनर व युजरलँड ह्यांनी ह्या विनिर्देशाचा, म्हणजे मानकाचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाचा, प्रताधिकार हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्राकडे सोपविला. वायनर त्या वेळी तेथे अभ्यागत अधिछात्र म्हणून नुकतेच रुजू झाले होते. केंद्राने तो दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. मूळ कर्त्याचा निर्देश करून आणि तोच परवाना पुढे चालवून कोणीही त्याची प्रत काढावी, त्यात फेरफार करावा, असा त्या परवान्याचा आशय आहे.

एक विद्यापीठ मालक झाले, म्हणजे प्रश्न मिटला, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु येथे प्रताधिकाराची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. प्रताधिकार असतो तो शब्दरचनेवर. त्या शब्दांत वर्णिलेल्या पद्धतीवर नव्हे. अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यातच असे स्पष्ट म्हटले आहे, की कल्पना, कार्यपद्धती वा प्रणाली ह्यांस हे संरक्षण लागू होत नाही. पाककृतीच्या पुस्तकाचा हक्क प्रकाशकाकडे असला, तरी पुरणपोळी कशी करावी, हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे त्याच्याकडे येत नाही. तद्वत हार्वर्डकडे आला तो एका दस्तऐवजाचा हक्क, आणि तोही परवान्याने सर्वांना वाटून दिलेला. आरएसएस काय आहे व काय नाही, हे सांगण्याची सत्ता त्यातून आपोआप निर्माण होत नव्हती.

दस्तऐवजातच आणखी एक महत्त्वाची तरतूद होती. ही पद्धत निर्दोष नाही, परंतु तिला आता स्थैर्य हवे आहे; म्हणून विनिर्देश व्यवहारतः गोठविला असे समजावे. नवे काही करावयाचे झाल्यास ते नेमस्पेसच्या द्वारे करावे, अथवा निराळे नाव घेऊन निराळी पद्धत निर्माण करावी, असा तिचा भावार्थ होता. कर्त्याने स्वतःचे हात बांधून घेतले आणि त्याबरोबरच भावी दुरुस्तिकारांचेही हात बांधले.

सल्लागार मंडळाचा वाद

विनिर्देश प्रसिद्ध करावा व त्याविषयीच्या शंकांची उत्तरे द्यावीत, ह्या हेतूने २००३ मध्येच एक सल्लागार मंडळ स्थापन झाले होते. वायनर, ब्रेंट सिमन्स आणि जॉन उडेल हे त्याचे पहिले सदस्य होत. जानेवारी २००६ मध्ये रॉजर्स केडनहेड ह्यांनी हे मंडळ नव्याने कार्यान्वित केले. मानकातील संदिग्धता दूर कराव्यात व त्याचा विकास पुढे चालवावा, अशी त्याची घोषित भूमिका होती; मात्र ह्या नव्या मंडळात वायनर सहभागी नव्हते. गोठविलेल्या विनिर्देशास हात लावण्याचा अधिकार मंडळास कोणी दिला, हा आक्षेप अर्थातच पुढे आला.

आक्षेप बिनतोड होता, पण मंडळापुढील अडचणीही खऱ्या होत्या. दोन उदाहरणे घेऊ. विनिर्देशाने वर्णनाच्या घटकात एचटीएमएलच्या खुणा येऊ शकतात, असे सांगितले; शीर्षकाविषयी मात्र स्पष्ट काही सांगितले नाही. आता एखाद्या लेखाच्या शीर्षकातच गणितातील ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह आले, तर वाचक-प्रोग्रॅमने ते चिन्ह म्हणून दाखवावे, की एचटीएमएलची खूण येथे सुरू होते असे समजून पुढील अक्षरे गिळून टाकावीत? दुसरे उदाहरण एन्क्लोजरचे. एका आयटेमला एकच ध्वनिफीत जोडावी की अनेक जोडता येतील, हे दस्तऐवजातून निश्चित होत नव्हते. एखादा प्रकाशक दोन जोडी. ज्या प्रोग्रॅमचा समज एकीचा होता, त्याचे श्रोते दुसरीस मुकत. चूक कोणाची, हे सांगू शकेल असे न्यायपीठ अस्तित्वातच नव्हते.

मंडळाने २००७ मध्ये उत्तम प्रघातांचा एक आलेख प्रसिद्ध केला आणि व्यवहाराच्या सोयीसाठी एकच एन्क्लोजर वापरणे हितावह होईल, असे सुचविले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने विनिर्देशाच्या आपल्या प्रतीत एक स्पष्टीकरण घातले : नेमस्पेसमधून केवळ नवे घटकच नव्हे, तर मूळ घटकांना जोडावयाची गुणवैशिष्ट्येही आणता येतील. मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ ह्या ब्राउझरमध्ये असे आधीच केले होते. म्हणजे मंडळाने आज्ञा केली व मायक्रोसॉफ्टने ती पाळली असा क्रम नव्हता. वापर आधी घडला आणि नियम मागाहून आला. आज विनिर्देशाच्या दोन प्रती आढळतात : हार्वर्डकडील गोठविलेली, आणि मंडळाची २.०.११ ह्या क्रमांकाची, ३० मार्च २००९ ची. दोहोंत अंतर अल्प आहे. परंतु प्रमाण कोणती, हे सांगणारा तिसरा कोणी नाही.

नव्या नावाचा मार्ग

निराळे नाव घ्यावे, ही सूचना काहींनी अक्षरशः पाळली. जून २००३ मध्ये सॅम रूबी ह्यांच्या पुढाकाराने नव्या पद्धतीची चर्चा सुरू झाली व तिला पुढे ‘ॲटम’ हे नाव मिळाले. हे कार्य इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ह्या संस्थेकडे नेण्यात आले. ह्या संस्थेत सदस्यत्वाची अट नाही, कोणीही सहभागी व्हावे. आणि निर्णय मतदानाने न होता चर्चेतून घडलेल्या सर्वसाधारण सहमतीने व्हावा, असा तिचा प्रघात आहे. डिसेंबर २००५ मध्ये ॲटम आरएफसी ४२८७ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. वर सांगितलेल्या शीर्षकाच्या अडचणीचा तेथे पुरता बंदोबस्त झाला. मजकूर साधा आहे की एचटीएमएल आहे, हे त्या त्या घटकावरच नोंदविण्याची सोय करण्यात आली.

सारांश, ॲटमचा अधिकार निर्विवाद होता, कार्यपद्धती उघड होती आणि भाषा काटेकोर होती. तार्किक दृष्ट्या आरएसएस तेथेच अस्तंगत व्हावयास हवे होते. तसे घडले नाही. वाचक-प्रोग्रॅमांनी ॲटम वाचण्याची सोय केली, पण आरएसएस वाचणे सोडले नाही. कारण दोन कुळे वाचण्याची सवय त्यांना पूर्वीच जडली होती, तिसऱ्याची भर पडली इतकेच. वाचणारा दोन्ही वाचतो म्हटल्यावर प्रकाशकाला जुने टाकून नवे घेण्याचे कारण उरले नाही. पॉडकास्टच्या क्षेत्रात तर आरएसएसचेच राज्य राहिले.

रूढीचे सामर्थ्य

‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन आपण सामाजिक आचाराच्या संदर्भात उच्चारतो. तांत्रिक मानकांच्या बाबतीत ते अधिकच खरे ठरते. फीडची ओळख म्हणून आज परिचित असलेले नारिंगी चिन्ह कोणत्याही मंडळाने ठरविलेले नाही. ते मोझिलाच्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये प्रथम आले. डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेच स्वीकारण्याचे जाहीर केले, आणि चिन्हाचा प्रश्न कायमचा सुटला. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्स ह्या प्रोग्रॅममध्ये पॉडकास्टची सोय केली, तेव्हा चित्र, विषयवर्ग इत्यादी माहितीसाठी स्वतःचे एक नेमस्पेस जाहीर केले. ॲपलच्या सूचीत नाव यावे अशी प्रत्येक प्रकाशकाची इच्छा असल्यामुळे त्या कंपनीने आवश्यक ठरविलेले घटक व्यवहारतः सर्वांनाच आवश्यक झाले. विनिर्देशातील एक अक्षरही न बदलता मानकाचा एक मोठा भाग अशा रीतीने एका कंपनीच्या कलाने चालू लागला.

रूढीचे हे सामर्थ्य निष्पक्ष नसते. दहा लक्ष श्रोत्यांच्या प्रोग्रॅमने केलेली चूक ही रूढी होते; दहा श्रोत्यांच्या प्रोग्रॅमने केलेले शुद्ध वाचन हा अपवाद ठरतो. तरीही खुल्या मानकात बलवंताची सत्ता निरंकुश राहत नाही. २०२० मध्ये ॲडम करी व डेव्ह जोन्स ह्यांच्या पॉडकास्ट इंडेक्स ह्या प्रकल्पाने एक नवे, कंपनीनिरपेक्ष नेमस्पेस सुरू केले. त्यात भाषणाचा लिखित उतारा जोडण्याचा घटक होता. लहान प्रोग्रॅमांनी तो आधी उचलला. २०२४ मध्ये ॲपलनेही आपल्या पॉडकास्टमधील उताऱ्यांसाठी त्याच घटकाचा स्वीकार केला. त्यापूर्वी कोणाची अनुज्ञा घ्यावी लागली नव्हती, हे येथे विशेष आहे.

१ जुलै २०१३ रोजी गूगलने आपली रीडर ही सेवा बंद केली. फीड वाचण्यासाठी असंख्य लोक तिच्यावरच अवलंबून होते. ह्या घटनेने वाचकवर्गाची मोठी हानी झाली, ह्यात शंका नाही. परंतु मानक नष्ट झाले नाही. वाचकांना आपल्या फीडांची यादी उचलून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाता आले. गूगल स्वतःची सेवा बंद करू शकले. पद्धत बंद करणे त्याच्या हाती नव्हते.

अधिकाराचे पृथक्करण

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. ‘अधिकार कोणाचा’ असे आपण एकवचनात विचारतो, ह्यातच घोटाळ्याचे मूळ आहे. वरील इतिहासावरून पाच निरनिराळे अधिकार वेगळे काढता येतात. पहिला दस्तऐवजावरील, तो हार्वर्डकडे गेला. दुसरा नावावरील, तो कोणासच मिळाला नाही. तिसरा अर्थनिर्णयाचा, त्यावर मंडळाने हक्क सांगितला, पण तो सर्वमान्य झाला नाही. चौथा वापराचा, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत व प्रकाशकांत, परंतु असमान प्रमाणात, वाटला गेला आहे. पाचवा सहसा नजरेतून सुटतो. तो पत्त्यावरील होय. ०.९१ आवृत्तीच्या फीडांत घटकांची व्याख्या देणाऱ्या फाइलीचा नेटस्केपच्या स्थळावरील पत्ता लिहिलेला असे. जानेवारी २००७ मध्ये त्या स्थळाची पुनर्रचना चालू असता तो पत्ता दुसऱ्याच पानाकडे वळविला गेला, आणि ती फाइल प्रत्यक्ष मागवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमांना त्या फीड तपासून घेता येईनात. मानकाचा त्याग करून अनेक वर्षे लोटल्यावरही केवळ पत्ता हाती असल्यामुळे ही सत्ता त्या कंपनीकडे राहिली होती. आणि ती वापरली गेली तीही अनवधानाने.

आपल्या व्याकरणपरंपरेत ‘यथोत्तरं मुनीनां प्रामाण्यम्’ असे म्हणतात. पाणिनी, कात्यायन व पतंजली ह्यांत मतभेद दिसल्यास नंतरच्याचे म्हणणे अधिक प्रमाण मानावे, असा त्याचा आशय. ह्या नियमामागे एक गृहीत आहे : उत्तरकालीन मुनी कोण, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत आहे. आरएसएसला नेमके हेच लाभले नाही. सूत्रकार झाला, वार्तिककार म्हणविणारे अनेक झाले. परंतु भाष्यकार म्हणून सर्वांनी मान्य करावा असा कोणी निघाला नाही.

ह्याच्या तुलनेसाठी एचटीएमएलचे उदाहरण घेता येईल. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था एका बाजूस, आणि २००४ मध्ये ॲपल, मोझिला व ऑपेरा येथील मंडळींनी स्थापलेला वॉटडब्ल्यूजी हा गट दुसऱ्या बाजूस, अशी तेथेही दुफळी होती व काही काळ दोन विनिर्देश समांतर चालले. अखेर २८ मे २०१९ रोजी उभयतांत करार होऊन एकच विनिर्देश ठेवण्याचे ठरले, आणि तो वॉटडब्ल्यूजीचा. ज्यांच्या हाती ब्राउझर होते, त्यांच्याकडेच लेखणी गेली. वाद मिटला, एकवाक्यता आली. परंतु अधिकार थोड्या बलाढ्य ब्राउझरनिर्मात्यांच्या जवळ एकवटला, ही त्याची किंमत होय. आरएसएसची किंमत नेमकी उलट आहे. तेथे संदिग्धता कायम राहिल्या, पण कोणीही मालक झाला नाही.

उपसंहार

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. खुल्या मानकावरील अंतिम अधिकार दस्तऐवज लिहिणाऱ्याकडे नसतो, त्याचा हक्क बाळगणाऱ्याकडे नसतो, किंवा समितीकडेही नसतो. लिहिणारे आणि वाचणारे प्रोग्रॅम एकमेकांशी जो अलिखित करार पाळतात, त्यात तो वसत असतो. समित्या व विद्यापीठे ह्यांचे काम तो करार नोंदविणे, संदिग्ध तेथे सल्ला देणे आणि दस्तऐवज व त्याचा पत्ता सुरक्षित ठेवणे हे आहे. ते दुय्यम असले, तरी अल्प नव्हे. अर्थ सांगणारा कोणीच नसला, की तो सांगण्याचे काम बलवंताचा प्रोग्रॅम मुकाट्याने करून टाकतो. आणि त्यावर आक्षेप कोठे नोंदवावा, हेही कोणास कळत नाही.

म्हणून एखादी संस्था, वृत्तपत्र वा ग्रंथालय खुल्या मानकाचा अंगीकार करीत असेल, तेव्हा ‘हे मानक कोणाचे?’ एवढेच विचारून थांबू नये. दस्तऐवज कोणाकडे आहे, नाव कोणाचे आहे, शंकेचे उत्तर कोण देतो, पत्ता कोणाच्या हाती आहे, आणि उद्या सर्वांत मोठा वापरकर्ता निघून गेला तर आपला मजकूर वाचणारे दुसरे कोणी उरते काय, हे पाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. आरएसएसच्या बाबतीत पहिल्या चारांची उत्तरे असमाधानकारक आहेत. पाचव्याचे उत्तर मात्र होकारार्थी आले, आणि त्या एका उत्तराच्या बळावर जन्मदात्याने टाकलेले, वारसांनी ओढाताण केलेले आणि कर्त्याने गोठविलेले हे मानक आजही आपले काम करीत आहे.